उशिरा पोचलेलं ‘हो’

टेमघरे बाईंचं माझ्याशी काय बिनसलं होतं, देव जाणे. मी शाल्मली, इयत्ता सहावी. पंधरा दिवसांपूर्वी आत्याबरोबर चंद्रावरच्या वसाहतीत राहायला आले. बाई मात्र साताऱ्यात. त्यांच्या थेट ऑनलाइन वर्गात चंद्रावरची मी एकटीच.

बाईंच्या हजेरीला ‘हजर’ म्हणायचं नाही, सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. मग त्या चेष्टा करतात, मुलं खुलतात. माझं नाव आलं की मी लगेच “थालीपीठ” म्हणायचे. तोवर बाई पुढच्या नावावर गेलेल्या असायच्या आणि वर्गातला इंद्रनील वैतागायचा, “मध्येमध्ये काय बोलतेस गं?” मी कुठे मध्ये बोलत होते?

शुक्रवारी तर कहरच झाला. बाईंनी विचारलं, “शाल्मली, अपूर्णांक समजले का?” मी पटकन “हो” म्हटलं. पाठोपाठ त्यांचा आवाज आला, “की माझ्या तासाला कंटाळा येतो?” आणि त्यांचा चेहरा पडला. संध्याकाळी निरोप आला, की सोमवारपासून तू रेकॉर्ड केलेले धडे बघ. मला खूप रडू आलं. मला बाई आवडत होत्या.

आत्या अँटेना विभागात शास्त्रज्ञ आहे. मी सगळं सांगितल्यावर तिने विचारलं, “तुझं ‘हो’ साताऱ्याला कधी पोचलं?”

“म्हटलं तेव्हाच.”

“कसं पोचेल? आवाज जातो रेडिओलहरींवरून (प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या अदृश्य लहरी). त्या सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. पृथ्वी आहे पावणेचार लाखांच्या पुढे. प्रश्न यायला सव्वा सेकंद, उत्तर जायला सव्वा.”

“अडीच सेकंदांनी काय होतं? सिनेमा बघताना तर काही कळत नाही.”

“सिनेमा तुला प्रश्न विचारत नाही. आता मला काहीतरी विचार.”

“आत्या, भूक लागली का?”

ती नुसती बघत राहिली. मला कसंतरीच झालं. ही रुसली की काय?

“हा प्रसारण-विलंब (संदेश पोचायला लागणारा वेळ),” ती अखेर म्हणाली. “बाईंना रोज असंच वाटत असणार. तुझं ‘हो’ पोचेपर्यंत त्यांनी दुसरा प्रश्न विचारला होता. त्यांना वाटलं, तू कंटाळ्यालाच ‘हो’ म्हणालीस.”

मी सगळं बाईंना लिहून कळवलं. सोमवारी त्यांनी मला वर्गात बोलावलं आणि सर्वांसमोर म्हणाल्या, “चूक माझी. मी थांबायला हवं होतं.” मग विचारलं, “शाल्मली, तिकडून आम्ही कसे दिसतो गं?”

वर्ग चिडीचूप. इंद्रनीलसुद्धा. मी खिडकीतून पृथ्वीकडे बघत नेमके शब्द शोधू लागले. पाच सेकंद गेले, दहा गेले. बाई हसऱ्या चेहऱ्याने थांबून होत्या.

उद्या मुलं मंगळावर राहायला जातील. त्यांचं उत्तर यायला कधीकधी पाऊण तास लागेल, असं आत्या म्हणते. त्यांना आमच्या बाई मिळाव्यात.