पायऱ्यांखालचं उत्तर

चांगुणाबाई दारात आल्या तेव्हा जयराम पगारे गुरुजी त्यांचे मित्र यादवराव गांगुर्डे यांच्या घरी कपात चहा ओतत होते. आठवड्यापूर्वी बाईंचा नवरा सहादू, अंबडच्या वाटेवरच्या नव्या स्टेडियमचा पहारेकरी, गॅलरीच्या माथ्यावरून पडून मेला होता. भुतानं ढकललं, असं सगळे म्हणत होते.

"भूत नाय, साहेब," त्या खाजगी तपास करणाऱ्या यादवरावांना म्हणाल्या. "ते वर जातच नव्हते. उंचावर त्यांना चक्कर यायची."

महिनाभर मात्र सहादू एकच सांगत होता. पायरीवर काठी आपटली की आतून कोणीतरी उत्तर देतं. जुनी गॅलरी पाडताना एक मजूर बाई दगावली होती. तीच आत अडकलीय, अशी कुजबुज होती. दिवस कलला की मजूर तिकडे फिरकत नसत.

गुरुजींनी कप खाली ठेवला. ते स्टेडियम समितीवर नागरिकांचे प्रतिनिधी होते. सरकारी अनुदान आणि घराघरावर बसवलेला क्रीडा कर यांतून ती गॅलरी उभी राहिली होती. महिनाभरात उद्‌घाटन होतं.

दोघे मित्र भर दुपारी मैदानावर गेले. ठेकेदार पुंजाशेठ आदबीनं बोलला. सहादू पडला त्या रविवारी तो सिन्नरला भाचीच्या लग्नात होता. वरच्या रांगेचं त्याला फार कौतुक. तिथं मोठे पाहुणे बसणार म्हणून दगड-मुरमाची भरणी त्यानं स्वतः उभं राहून करून घेतली होती.

सुपरवायझर वाल्मीक त्या दिवशी कामावर एकटाच होता. मान खाली घालून तो म्हणाला, "मी ऑफिसात होतो. सहादू अगदी वरच्या पायरीवर काठी आपटत होता. ढब, ढब, ढब. मग किंकाळी ऐकली."

यादवरावांनी सिन्नरला जाऊन लग्नाची खात्री केली. शेठ दिवसभर मांडवातच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गॅलरीपाशी बोलावलं. पोलीसही होते. चांगुणाबाईंनी आणलेली सहादूची काठी त्यांनी गुरुजींच्या हाती दिली आणि माथ्यावर जायला सांगितलं. गुरुजींनी वरची पायरी ठोकली. टक, टक. मग ते उतरून खालून तिसऱ्या पायरीवर आले.

ढब.

पायाखालून कोणीतरी हुंकार द्यावा तसा तो आवाज आला.

"वाल्मीक, आवाज तू खरा सांगितलास," यादवराव म्हणाले. "जागा खोटी सांगितलीस. वरची पायरी भरीव आहे, ती असा आवाज देत नाही. म्हणजे सहादू इथं खाली ठोकत होता. इथून पडून माणूस मरत नाही, आणि चक्कर येणारा माणूस आपणहून वर जात नाही. त्याला वर नेलं गेलं. शेठ सिन्नरला होते. इथं तू एकटा होतास."

पहारेच्या चार घावांत पायरी फुटली. आत अंधार होता, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या, बाकी काही नव्हतं. सगळ्या पायऱ्यांच्या भरणीचे पैसे मात्र शेठला पुरते चुकते झाले होते.

वाल्मीकनं सगळं कबूल केलं. सहादूला पोकळी कळली होती. सोमवारी तो समितीकडे जाणार होता. त्याचं तोंड बंद कर, असं शेठनं बजावलं होतं. वरून दाखवतो सगळं, असं सांगून वाल्मीकनं त्याला हाताला धरून वर नेलं, पैसे देऊ केले. सहादूनं नकार दिला आणि पाठ फिरवली, तेव्हा वाल्मीकनं त्याला ढकललं.

पोलिसांनी शेठला आणि वाल्मीकला नेलं. भगदाडातून गार हवा येत होती. यादवराव निघाले, पण गुरुजी हलेनात.

"भरणीच्या मोजमाप पुस्तकावर माझी सही आहे," ते चांगुणाबाईंना म्हणाले. "समक्ष पाहिले, असं लिहिलंय मी. आलो नव्हतो."



"हे समितीकडं म्हंजे तुमच्याकडंच येणार व्हते," त्या म्हणाल्या. "गुरुजी खरं बोलत्यात, म्हणायचे."

गुरुजी तडक चौकीवर गेले आणि स्वतःचा जबाब लिहून दिला. हवालदारानं कागद पुढे सरकवला, तेव्हा त्यांनी तो पहिल्या ओळीपासून वाचला. पुन्हा एकदा वाचला. मगच खाली सही केली.