कोपऱ्यातल्या खोलीची चावी

"इथंच ठेवली होती," डीसा म्हणाली. "बनच्या ताटलीशेजारी. पाकिटात."

ताटलीत वेलदोड्याचे बन होते. पाकीट नव्हतं.

टोर्केलनं ताटली उचलून खाली पाहिलं. तपासाला कुठून तरी सुरुवात करावी लागते. खाली टेबल होतं आणि टेबलावर गेल्या सत्रातला जॅमचा डाग होता.

"कसलं पाकीट?"

"कार्यालयाचं. पांढरं, खिडकीचं. खिडकीतून माझं नाव दिसत होतं."

"उघडलं होतंस?"

"नाही. खोलीचं दार सफाईवाले उघडंच ठेवून गेले होते. म्हटलं, आधी कॉफी घेऊ."

उप्सालातल्या त्या विद्यार्थी-वसाहतीचा नियम सोपा होता. नव्या माणसानं दुपारी बाराच्या आत खोलीची चावी घेऊन तळमजल्यावरच्या कार्यालयात जायचं, चावी दाखवायची, सही करायची. चावी नाही तर सही नाही, सही नाही तर खोली रांगेतल्या पुढच्या माणसाला. हा नियम का केला ते कार्यालयातही कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळेच तो कुणाला बदलता येत नव्हता.

रांगेतला पुढचा माणूस ताटली हातात धरून उभा होता.

टोर्केलचं वय एकतीस. दलदलीतल्या शेवाळावरचा त्याचा प्रबंध सातव्या वर्षात रखडला होता. मजल्यावरचा सगळ्यांत जुना रहिवासी म्हणून भांडणं मिटवणं, दिवे बदलणं आणि चोऱ्यांचा छडा लावणं ही कामं आपोआप त्याच्या गळ्यात पडली होती. शेजारच्या सिग्नेचं चीज कोण खातं ते मागच्या हिवाळ्यात त्यानंच शोधून काढलं. विल्गोट खात होता.

कोपऱ्यातली ती खोली त्याला चार वर्षं हवी होती. दोन बाजूंना खिडक्या, संध्याकाळचं ऊन, स्वतःची गच्ची. याच उन्हाळ्यात खोली रिकामी असताना त्यानं आत शिरून फीत लावून मापंसुद्धा घेतली होती. रांगेत तो पहिलाच होता. पण महिन्यातून एकदा संगणकावर हजेरी लावली नाही की रांगेतले दिवस पुसले जातात, आणि टोर्केल एका वसंतात शेवाळाच्या नादात हजेरी लावायला विसरला. परत शून्यापासून; आता कुठे दुसऱ्या नंबरावर आला होता. डीसाला मात्र तिच्या आईनं सतराव्या वाढदिवशीच रांगेत उभं केलं होतं. आज ती एकोणीस वर्षांची होती आणि गच्ची तिची होती.

असल्या मुलीची चावी हरवल्यावर माणसाला दुःख होतंच असं नाही.

"यात शोधायचं काय आहे?" दारातून आवाज आला. डीसाचा मित्र मेल्कर होता तो. सकाळपासून एकटाच खोकी वाहत होता. घामानं डबडबला होता. "चावी सापडली नाही तर खोली कुणाला मिळते? याला. मग याच्याच खोलीत बघा."

"मेल्कर," डीसा म्हणाली.

"बघा की," टोर्केल म्हणाला. "दार उघडं आहे. फक्त बशांमधलं शेवाळ हलवू नका."

बघितलं. शेवाळ सापडलं.

इतर रहिवासी अजून सुट्टीवरून परतले नव्हते. मजल्यावर टोर्केलखेरीज सिग्ने आणि विल्गोट एवढेच होते. टोर्केलनं सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं.

"डीसा, कॉफी घेताना कोण कोण होतं?"

"मी, सिग्ने, विल्गोट. मेल्कर खाली-वर करत होता. मी बनची प्लास्टिकची पिशवी टाकायला गेले तर विल्गोट ओरडला."

"ओरडलो नाही," विल्गोट म्हणाला. "समजावलं. आपल्याकडे कचऱ्याच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या उलट्या आहेत. 'कागद' लिहिलंय तिथं प्लास्टिक, 'प्लास्टिक' लिहिलंय तिथं कागद."

"बदलत का नाही?" डीसानं विचारलं.

"दोन बैठका झाल्या. चिठ्ठ्या हलवायच्या की डबे, यावर एकमत नाही."

"मग कॉफी झाल्यावर?" टोर्केलनं गाडी रुळावर आणली.

"सिग्ने म्हणाली, गच्चीवरची माझी टोमॅटोची झाडं बघायला चल. आम्ही तिघं गेलो. पाकीट टेबलावरच होतं."

"तेव्हा मी कुठे होतो?"

"तू तुझ्या खोलीत होतास," सिग्ने म्हणाली. "दार लावून. तोंड पाडून."

हे खरं असल्यामुळे टोर्केल पुढच्या प्रश्नाकडे वळला.

"गच्चीवरून मध्येच कोण उठून गेलं?"

"मी," सिग्ने म्हणाली. "झारीत पाणी भरायला. इथंच, या नळावर. आणि बघू नकोस असा. त्या झाडांना मी जूनपासून सांभाळलंय. नवी बाई आली की म्हणणार, गच्ची माझी, काढा कुंड्या. वाटलं मला वाईट. पण मी पाणी भरलं आणि गेले."

"पाकीट होतं?"

"मी पाण्याकडे बघत होते."

"विल्गोट?"

"मी संडासला गेलो होतो." विल्गोटनं मान खाली घातली. "बरं, सांगूनच टाकतो. तू कोपऱ्यात गेला असतास तर तुझी खोली मला मिळाली असती. माझी भिंत या स्वयंपाकघराला लागून आहे. तुम्ही रात्री अंडी उकडता तेही मला ऐकू येतं. पण म्हणून मी चावी घेतली नाही."

"चीजच्या वेळीही हेच म्हणाला होतास," सिग्ने म्हणाली.

टोर्केलला एकूण बरं वाटलं. या घरात एकटाच आपण जळत नव्हतो. एका मुलीच्या दोन खिडक्यांवर अख्खा मजला धुमसत होता.

मेल्कर घड्याळाकडे बघत म्हणाला, "डीसा, जाऊ दे. माझी खोली आहेच. दोघांना पुरेल."

"तुझ्या खोलीत पलंगावर उभं राहून कपडे बदलावे लागतात," डीसा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मला ही हवी आहे. दोन वर्षं मी दर महिन्याला हजेरी लावली. एकदासुद्धा चुकले नाही."

टोर्केलला ते लागलं. ती त्याला बोलली नव्हती, म्हणूनच लागलं.

तो उठला आणि डब्यांपाशी गेला. 'कागद' लिहिलेल्या डब्यात बनच्या पिशवीवर पांढरे तुकडे होते. कार्यालयाचा शिक्का दिसत होता. 'प्लास्टिक' लिहिलेल्या डब्यात, जुन्या वर्तमानपत्रांवर, पारदर्शक खिडकी पडली होती. पाकिटापासून नीट सोडवलेली, गोंदासकट.

टोर्केल थोडा वेळ दोन्ही डब्यांकडे बघत राहिला. मग पायांत लाकडी सपाता सरकवून खाली गेला.

खाली भाड्याच्या व्हॅनमध्ये डीसाची आई, बिर्गिट, सकाळपासून बसून होती.

"तुम्ही वर आला नाहीत?"

"कशी येणार? दार आपोआप लागतं आणि ते उघडायची इलेक्ट्रॉनिक चकती एकच. ती मेल्करकडे. मी आपली सामान राखत बसलेय. बिचारा एकटा वाहतोय सगळं. सापडली का चावी?"

"शोधतोय. किती राहिलंय अजून?"

"रिकामी झाली की. हे एकच खोकं, तेही वर जाऊन परत आलं. हिवाळी बूट आहेत. मेल्कर म्हणाला, वर कपाटात जागा नाही, मी माझ्याकडे ठेवतो."

"जागा नाही," टोर्केल म्हणाला.

"असं म्हणाला."

टोर्केल परत वर आला. स्वयंपाकघरात बसला. कॉफी ओतून घेतली. प्यायली. कप धुतला. पुसला. पुन्हा धुतला. काय झालं म्हणून डीसानं विचारलं तेव्हा म्हणाला, विचार करतोय. ते खोटं नव्हतं.

भिंतीवरचा काटा बाराकडे सरकत होता. डीसा आणि विल्गोट सोफ्याच्या गाद्या उलटत होते. सिग्ने फ्रीज उपसत होती. मेल्कर टोर्केलशेजारी येऊन बसला.

"मघाशी बोललो ते मनावर घेऊ नकोस," तो हळूच म्हणाला. "चला, तुझं तरी भलं झालं. छान आहे खोली." आणि त्यानं टोर्केलच्या खांद्यावर हात ठेवला.

टोर्केलनं त्या हाताकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला.

"सगळे इकडे या," तो म्हणाला. "पटकन सांगतो, वेळ कमी आहे. पाकीट त्या डब्यांत आहे. फाडलेलं. कागद एकीकडे, खिडकी दुसरीकडे. आता विचार करा. दुसऱ्या कुठल्या देशातला चोर असता तर पाकीट खिशात कोंबून पळाला असता. आपला चोर थांबला. त्यानं खिडकी सोडवली, कागद कागदात टाकला, प्लास्टिक प्लास्टिकमध्ये टाकलं. भर चोरीत."

"म्हणजे आपल्यातलाच," विल्गोट म्हणाला.

"देशातला. मजल्यावरचा नाही. त्यानं कागद टाकला 'कागद' लिहिलेल्या डब्यात. तू, मी, सिग्ने, आपले हात झोपेतही उलट्या डब्याकडे जातात. डीसाला तू आज सकाळीच समजावलं होतंस. चिठ्ठीवर विश्वास ठेवणारा माणूस म्हणजे ज्याला कुणी सांगितलं नाही तो. असे दोघं. डीसाची आई, पण ती दारातून आत येऊच शकली नाही. चकती दुसऱ्याकडे होती."

कुणी मेल्करकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी न पाहण्याची फार काळजी घेतली.

"शक्य आहे," मेल्कर म्हणाला. "पण चावी कुठे आहे? माझे खिसे बघा."

"खिशात नाही. घर लावायच्या दिवशी सगळं वर येतं. आज एक खोकं खाली गेलं. बुटांचं. म्हणे, कपाटात जागा नाही."

"नाहीच आहे."

"मेल्कर, त्या कपाटात घोडा मावेल. मी मोजलंय."

डीसा खिडकीशी गेली आणि वाकून आईला हाक मारली. बिर्गिटनं खोक्यातला एक बूट उलटा केला, मग दुसरा. दुसऱ्यातून काहीतरी चमकत डांबरावर पडलं.

"चोर म्हणून तू वाईट नव्हतास," टोर्केल म्हणाला. "नागरिक म्हणून फार चांगला निघालास, तिथं फसलास."

मेल्करचे कान लाल झाले होते. तो एकट्या डीसाशी बोलला. "तू इथं आलीस की महिन्याभरात मला विसरणार. गच्ची, नवे लोक, कॉफी. सकाळपासून तू यांच्यात बसून हसत होतीस आणि मी जिने चढत होतो."

"तुला कॉफीला बोलावलं होतं. दोनदा."

"मला वाटलं, उगाच म्हणतेस."

"तुझ्याकडे राहायचं असतं तर मी तुला विचारलं असतं," डीसा म्हणाली. तिनं त्याच्यासमोर हात पसरला. त्यानं चकती दिली. ती अनवाणीच जिन्यावरून धावत सुटली.

मेल्करनं बूट चढवले. मग गच्चीकडे न बघता निघून गेला. जाताना रिकामी खोकी मोडून, दुमडून, नीट बांधून घेऊन गेला.

बारा वाजायच्या आत सही झाली. डीसा परत आली ती हसत आणि रडत. सिग्नेला म्हणाली, टोमॅटो राहू देत, मला पाणी कसं घालायचं तेवढं दाखव. विल्गोटनं तिच्या खोलीत तीन खोकी उघडून दिली आणि आपल्या पातळ भिंतीमागे गेला.

स्वयंपाकघरात सिग्ने आणि टोर्केल उरले. सिग्ने त्याच्यासमोर बसली. ती वैद्यकशास्त्र शिकत होती आणि लक्षणं तिच्या नजरेतून सुटत नसत.

"खालून आलास तेव्हाच तुला सगळं माहीत होतं."

टोर्केलनं टेबलावरचा जॅमचा डाग नखानं खरवडला.

"एक कप दोनदा धुतलास. मी या मजल्यावर आल्यापासून तू एकदाही धुतलेला पाहिला नाही."

"हं."

"बारा वाजायची वाट बघत होतास."

"हो."

"मग बोललास का? अजून थोडा वेळ गप्प बसला असतास तर आज रात्री त्या गच्चीवर झोपला असतास."

पलीकडून, कोपऱ्यातल्या खोलीतून, खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग दुसरी उघडल्याचा. टोर्केलनं दोन्ही नीट ऐकले.

"त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला," तो म्हणाला. "चार वर्षं त्या खोलीवर जळलो, सिग्ने, ते एकट्याच्या हिमतीवर. त्यात मला भागीदार नको होता."