एव्हरेट साफ करत होता

आमच्या डिकिन्सन गावचा विमानतळ म्हणजे धान्याच्या कोठाराला खिडक्या काढाव्यात एवढासा. काउंटरवर लाइल होता. चर्चच्या रविवारच्या शाळेत मी शिकवायचे तेव्हा माझ्यासमोर बसून नाक ओढणारा लाइल. आता त्याचेच केस पिकलेत. रांगेत माझ्यामागे पाद्रीबाई, दूधवाला होल्गर आणि त्याची बायको. सगळे ओळखीचे. तेच तर नको होतं.

वकिलानं मला बजावलं होतं, "अर्डिथबाई, 'माझ्याकडे बंदूक आहे' असं म्हणायचं नाही. 'मला शस्त्र जाहीर करायचंय' म्हणायचं. हळू, पण स्पष्ट."

मी इतकं हळू म्हटलं की लाइलनं कान पुढे केला.

"काय म्हणालात, काकू?"

मी पुन्हा म्हटलं, आणि मग सगळ्यांना ऐकू गेलं.

"अगं बाई," होल्गरची बायको म्हणाली, "अर्डिथ बँक लुटायला निघाली वाटतं."

सगळे हसले. मीही हसले. माझे कान तापले होते.

ऑरिनला, माझ्या नवऱ्याला, जाऊन दोन हिवाळे झाले. त्याच्या बापाचं रिव्हॉल्व्हर त्यानं मृत्युपत्रात नातवाच्या नावे ठेवलं होतं. टोबिन टेनेसीत राहतो. एका राज्यातल्या माणसाला दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या हाती पिस्तूल असंच देता येत नाही, मधे परवान्याचा दुकानदार लागतो. पण वारशानं आलेलं नेऊन देता येतं. रिकामं, टणक पेटीत, कुलपं लावून. किल्ली फक्त माझ्याजवळ. मी दोन्ही किल्ल्या गळ्यातल्या साखळीत, क्रूसाशेजारी अडकवल्या होत्या.

नेऊ नये असं मनात होतं. टोबिनचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. माझी मुलगी जनेल फोनवर रडायची, "आई, तो जेवत नाही, फोन उचलत नाही. नुसता बसून असतो." पण नेणार नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं. आणि ते आमच्या घरात कुणी कधी सांगितलेलं नाही.

आमच्या घरात एकच वाक्य होतं. एव्हरेट साफ करत होता.

एव्हरेट ऑरिनचा धाकटा भाऊ. मी सून म्हणून आले तेव्हा तो घरात शीळ घालत फिरायचा, मला 'वहिनीसाहेब' म्हणून चिडवायचा, माझ्या हातचे बटाट्याचे मांडे तव्यावरूनच पळवायचा. नंतर नंतर शीळ थांबली. एका दुपारी आम्ही शेतात होतो तेव्हा ते झालं, याच रिव्हॉल्व्हरनं. शेरीफ आला तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, बंदूक साफ करायच्या औषधाची बाटली, चौकोनी कापलेली चिंधी. साफ करताना उडाली, असं लिहिलं गेलं. म्हणून पाद्र्यानं चर्चच्या आवारात पुरायला जागा दिली. शेवटच्या आजारात ऑरिन मला म्हणाला, "ते सगळं आईनं नंतर मांडलं, अर्डिथ. बाटलीचं बूचसुद्धा निघालेलं नव्हतं." मग भिंतीकडे तोंड करून झोपला.

लाइलनं पेटी उघडायला सांगितली. मी किल्ली लावली.

आधी वास आला. त्या औषधाचा, पिकल्या केळ्यासारखा गोडसर. रिव्हॉल्व्हर तेलानं चकाकत होतं. कपाटाच्या वरच्या फळीवर ते दोन वर्षं पडून होतं. आदल्या दिवशी मी ते पेटीत ठेवलं तेव्हा त्यावर गंजाचे ठिपके होते. माझ्या बोटांना तांबूस भुकटी लागली होती.

"वा, काकू," लाइल म्हणाला. "छान साफ केलंय. आमच्या म्हाताऱ्याचं बघायला हवं, नुसता कचरा."

नाही म्हणायला हवं होतं. मागे रांग होती.

"हो," मी म्हणाले. "साफ केलं."

त्यानं रिकामं असल्याचा कागद आत ठेवला. मी कुलपं लावली.

विमान बदलायचं होतं त्या डेन्व्हरला गारपीट झाली आणि पुढची विमानं रद्द झाली. सामान परत हातात आलं. हॉटेलच्या खोलीत मी पेटी खुर्चीवर ठेवली, किल्ल्या गळ्यातच ठेवून झोपले. उघडली नाही. उघडावंसं वाटलं नाही.

सकाळी काउंटरवर एक ठसठशीत बाई होती, नखांना जांभळा रंग. मी पुन्हा ते वाक्य म्हटलं. बाजूच्या रांगेतल्या एका आईनं आपलं पोर पलीकडे ओढलं. बरोबरच होतं तिचं.

"उघडा बघू, आजी."

मी उघडलं. वास कालच्यापेक्षा ताजा. आणि रिव्हॉल्व्हरच्या बाजूला, तेलानं भिजलेली, चौकोनी चिंधी.

"ही चिंधी काढून टाका," बाई म्हणाली. "तेलाचं कापड विमानात नको. साफ करायचं ते घरी करा ना, आजी. हॉटेलात कशाला?"

मी चिंधी उचलली. फ्लॅनेलची होती. लाल-काळ्या चौकड्यांची.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या शर्टांची गोधडी शिवतात. सासूबाईंनी एव्हरेटची शिवली. टाके घालायला मीही बसले होते. त्यात लाल-काळ्या चौकडीचा तुकडा नाही. तो शर्ट त्या दुपारी त्याच्या अंगात होता. सासूबाईंनी तो चुलीत घातला, आणि कापड पूर्ण जळेपर्यंत मी त्यांच्याशेजारी उभी होते.

"आजी, बरं वाटतंय ना?"

"हो," मी म्हणाले. "माझीच चूक. रात्री साफ करत बसले."

ते वाक्य माझ्या तोंडून किती सहज आलं. चिंधी मी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग प्रसाधनगृहात जाऊन हात धुतले. बाहेर येऊन पुन्हा आत गेले, पुन्हा धुतले.

टेनेसीत, नॉक्सव्हिलला, टोबिन घ्यायला आला. गालांची हाडं वर आलेली. मला कवटाळून म्हणाला, "आजी, तू आटलीस गं."

"आणि तू? तुझ्या आईनं बघितलं तर मला जोड्यानं मारेल."

हसला. अगदी ऑरिनसारखा, एका बाजूनं. अंगात हिरव्या-पांढऱ्या चौकडीचा शर्ट होता. गाडीत त्यानं पेटी मागच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला, पोराला लावतात तसा.

घर नीटनेटकं होतं. इतकं नीटनेटकं की मला भीती वाटली. भिंतीवरच्या तसबिरी उतरवून कोपऱ्यात लावलेल्या. कुत्रा दिसेना.

"मित्राकडे दिलाय," तो म्हणाला. "त्याला तिथं बरं."

स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. कडा टेबलाशी बरोबर जुळवून. वर औषधाची लहानशी बाटली, बूच लावलेली.

"हे कशाला?" मी विचारलं. "तू कुठं पेपर घेतोस?"

"शेजारच्या आजोबांकडून मागून आणला. जुनं पिस्तूल आहे, साफ करायला लागेल ना." तो माझ्याकडे बघत नव्हता. "उघड ना, आजी. तू दमली असशील. उघडून दे आणि जरा पड. मी साफ करत बसतो."

माझे हात साखळीशी गेले. हे मी का केलं ते मला आजही सांगता येत नाही. नाही म्हणायला शब्द लागतात, आणि किल्ली लावायला लागत नाहीत.

झाकण उघडलं. तो वास.

आत चिंधी होती. चौकोनी, तेलानं ओली.

हिरव्या-पांढऱ्या चौकडीची.

मी टोबिनच्या शर्टाकडे बघितलं. खाली, डाव्या बाजूला, कापडाचा एक चौकोन नव्हता. कात्रीनं कापल्यासारखा सरळ.

"तुझ्या शर्टाला काय झालं?"

त्यानं खाली बघितलं. बोट घातलं त्या भोकात. "अरे! सकाळी तर नव्हतं."

मग तो हात पेटीकडे गेला.

मी झाकण दाबलं. त्याची बोटं सापडता सापडता वाचली.

"आजी!"

"एव्हरेट साफ करत नव्हता," मी म्हणाले.

आवाज माझा वाटला नाही. खरखरीत, लहान.

"टोबिन, तो साफ करत नव्हता. त्याला जगायचं नव्हतं, आणि आम्ही त्याला विचारलं नाही. बाटली नंतर मांडली. आम्हाला लाज वाटली, म्हणून. तुझी बाटली तू आधीच मांडलीस."

त्यानं हात मागे घेतला. मग खाली बसला, फरशीवरच, आणि लहानपणी कोंबड्याला घाबरून रडायचा तसा रडला. मी त्याच्याशेजारी बसले. गुडघे मोडून बसायला मला हल्ली जमत नाही, बसले.

त्याच दुपारी आम्ही दोघं पेटी पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. रिव्हॉल्व्हर कापून नष्ट करा म्हणून सांगितलं. तिथल्या म्हाताऱ्या हवालदारानं हातमोजे घालून रिव्हॉल्व्हर उचललं, गोळ्यांचं चक्र फिरवायला गेला तर फिरेना.

"आजी," तो म्हणाला, "याला कैक वर्षांत कुणी हात लावलेला नाही. पार गंजलंय."

त्याचे पांढरे हातमोजे तांबडे झाले होते. वास कसलाच नव्हता.

टोबिन आता एका डॉक्टरीणबाईंकडे जातो. कुत्रा परत आलाय. टोबिन दोनदा मागून जेवतो. जनेल म्हणते, आई, आता घरी ये, तुझ्या बागेत गवत माजलंय. मी म्हणते, येते गं.

पेटीतून काढून घेतलेला तो हिरवा चौकोन मी त्याच्या शर्टाला शिवून टाकला. नेमका बसला, दोरा इकडचा तिकडे नाही. शर्ट मी पुन्हा पुन्हा धुते, उन्हात घालते. सगळ्या शर्टाला साबणाचा वास येतो. तेवढ्या चौकोनाला त्या औषधाचाच येतो.

मी एकदा तो टोबिनच्या नाकाशी नेला.

"कसला वास, आजी?" तो म्हणाला, आणि तोच शर्ट अंगात चढवून, शीळ घालत कामावर गेला.

टोबिनला शीळ घालता येत नव्हती.