मूठभर मोहफुलं

पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात जागृती पावरा उसाच्या रसाची ब्रिक्स, म्हणजे त्यातली साखर, मोजत होती. तेवढ्यात प्रयोगशाळेच्या दारात एक अनोळखी तरुण येऊन उभा राहिला, हातात झाकणाचा डबा घेऊन.

"मॅडम, मन्हं एक काम शे..." तो अहिराणीत म्हणाला, आणि तिनं वर बघताच शुद्ध मराठीवर आला. "एवढं मोजून द्याल? उसाचा रस नाही हा."

"मग काय आहे?"

"सांगितलं तर हाकलून द्याल."

तिला हसू आलं.

त्याचं नाव चंदन, प्रकाशा गावच्या हिंमतराव पाटलांचा मुलगा. तीन वर्षं इंग्लंडमधल्या एका छोट्या बिअरच्या कारखान्यात राबला आणि वडिलांना लकवा झाला म्हणून परतला. वडील आता हिंडूफिरू लागले होते. तिकडची एक काळसर, सौम्य, डोक्यात न चढणारी बिअर त्याला त्यांना एकदा चाखवायची होती. जवाला मोड आणायचे, ते वाळवायचे, थोडे तव्यावर कॉफीच्या रंगाचे होईपर्यंत भाजायचे... तो सांगत राहिला नि ती ऐकत राहिली. डब्यातल्या त्या जवाच्या काढ्याची ब्रिक्स नऊ भरली.

मग सुट्टीच्या दिवशी तीच प्रकाशाला जाऊ लागली. शेतातल्या शेडमध्ये ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं, आंबणाऱ्या बिअरचं पिंप होतं. दोघं त्याला कान लावायचे. चेहऱ्यांमध्ये वीतभर अंतर.

"बोलतेय," ती म्हणाली.

"काय म्हणतेय?"

"घाई करू नका म्हणतेय."

तो लाजला... आणि घाई केली नाही. पुढच्या खेपेला तिनं आईनं, दिवलीबाईनं, वाळवलेली मूठभर मोहफुलं आणली. पिंपात पडताच गोडूस वास सुटला.

पंधरा दिवसांनी चंदन तिला घरी घेऊन गेला. हिंमतरावांनी बिअरचा घोट घेतला आणि डोळे मिटले.

"हाऊ वास मन्हा लहानपनना शे," ते म्हणाले.

फुलं जागृतीनं आणली, असं चंदननं कौतुकानं सांगितलं.

"तुन्हं गाव कोनतं शे, बेटा?"

धडगावच्या वरचा पाडा, तिनं सांगितलं. पावरा आदिवासींचा.

हिंमतरावांनी पेला हळूच स्टुलावर ठेवला. पुन्हा उचलला नाही. चंदनची आई प्रमिलाबाई उठल्या, जागृतीच्या चहाचा कप नेला आणि घरातल्या भांड्यांत न ठेवता बाहेर ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून आल्या. वावगा शब्द कुणीच काढला नाही. चंदननं सगळं पाहिलं होतं. जागृती त्याच्याकडे बघत राहिली — एक शब्द, कसलाही... तो बाटलीचं बूच फिरवत बसला.

आठ दिवस तो आला नाही. नवव्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. चेहरा उतरलेला.

त्या दिवशी आपण कच खाल्ली, तो म्हणाला. इंग्लंडहून पुन्हा बोलावणं आलं होतं. दोघांनी लग्न करून तिकडेच जावं, असं त्यानं ठरवलं होतं.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "तिथं तुला कुणी गाव विचारणार नाही."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माझंही आहे," ती म्हणाली. "पण मला इथं बोलणारा हवा होता, चंदन."

"आता बोलतो. आजच घरी जाऊन बोलतो."

"कप तर तेव्हाच उचलून झाला," ती म्हणाली. "त्या दिवशी मी तुझ्याच तोंडाकडे बघत होते. अजून तेच दिसतं मला... तू जा."

त्यानं हात पुढे केला. तिनं तो क्षणभर दोन्ही हातांत धरला, मग सोडला.

मार्चमध्ये चंदन गेला. प्रयोगशाळेतल्या हिलालनं सहज बोलता बोलता तिला ते सांगितलं. ती "बरं" म्हणाली, हात धुवायला म्हणून नळाशी गेली, आणि हिलाल जेवायला निघून जाईपर्यंत पाणी तसंच सोडून उभी राहिली.