तळातला नमुना

विहिरीच्या काठावर पाणी-तपासनीस पालथा पडला होता. कवटी मागून फुटली होती आणि नखं उलटली होती. गडी निमूट मेला नव्हता, झुंजून मेला होता.

त्याच्या आवळलेल्या मुठीतून फौजदारबाईंनी जाड काचेची बाटली सोडवली. पाणी नितळ होतं. तळाशी मात्र बोटभर वेगळा थर होता, तोही नितळच. हलवलं तरी तो पुन्हा खालीच बसला.

"हे काय?"

शेजारच्या कारखान्याचा फोरमन चाचरला. "आमचं सॉल्व्हंट. यंत्रांचं वंगण धुतो त्यानं. पण वापरलेलं पिंपांत सील करून ट्रकवाल्याकडे देतो."

ट्रकवाला म्हणजे मयताचा सख्खा मेहुणा. तो बहिणीला, म्हणजे मयताच्या बायकोला, धरून बसला होता.

"पिंपं कुठे नेता?"

"लांबच्या भट्टीवर जाळायला, मॅडम. मी तर आत हातही घालत नाही."

त्याचे हात पांढरेफटक होते, भेगाळलेले.

"आज काय पाहिलंत?"

"उजाडताना हा फोरमन विहिरीत पिंप ओतत होता. मी डोकावलो, तर पाण्यावर हा जाड तवंग! दाजींनी त्याला पकडलं असणार."

"साफ खोटं!" फोरमन किंचाळला.

बाई बहिणीकडे वळल्या. "तुम्ही हेच पाणी पिता?"

"सगळी वस्तीच पिते. दादा तेवढा आपली बाटली आणतो. म्हणतो, इथलं पाणी बाधतं."

बाई उठल्या.

"हे द्रावण पाण्याहून जड. तेलासारखा तवंग येतच नाही, ते बुडतं. म्हणून तर तपासनिसानं नमुना तळातून काढला. फोरमन हे रोज बघतो. तवंगाची थाप त्यालाच सुचेल, ज्यानं ते पाण्यात कधी पाहिलंच नाही." त्यांनी ट्रकवाल्याचं मनगट धरलं. "पण हाताळलंय भरपूर. कातडीतलं तेल ओढलं की हात असे होतात. भट्टीचा हेलपाटा वाचवायला तुम्ही पिंपं विहिरीमागच्या खड्ड्यात रिकामी केलीत. ते मुरमातून झिरपत विहिरीत उतरलं. हे कळलं होतं, म्हणून बहिणीच्या घरचं पाणी सोडलंत. तिला मात्र सांगितलं नाहीत."

ट्रकवाल्यानं मनगट हिसडलं. कमरेचा लोखंडी पान्हा उपसून तो बाईंच्या अंगावर धावला. हवालदाराची काठी कोपरावर बसली. हाड कडकन मोडलं, तो गुडघ्यांवर कोसळला.

"दाजी ऐकेनात गं! आजच कळवतो म्हणाले…"

बहिणीनं त्याची गचांडी धरली. एक थोबाडीत, मग दुसरी. ओठ फाटून रक्त आलं तरी ती थांबेना, आणि कुणी तिला आवरलंही नाही.

"माझ्या पोरी पीत होत्या रे ते!"

अखेर हात थकले. पदरानं तोंड पुसून ती विहिरीच्या पंपाकडे गेली आणि दगडानं तिनं बटणाची पेटी ठेचून काढली. पाण्यासाठी बादल्या घेऊन रांगेत उभ्या बायका बघतच राहिल्या.

"बादल्या ओता," ती म्हणाली. "आणि घरी साठवलेलंसुद्धा. चला, मी येते प्रत्येकीच्या दारी."