एक ते चार

लिहू की नको, असं महिनाभर चाललं होतं. यात खोटं काही नाही. खोटं सांगून मला मिळणार काय? उलट स्टुडिओत येणारे चार लोक यायचे बंद होतील.

शनिवार पेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. गोष्ट मागच्या नोव्हेंबरातल्या एका मंगळवारची.

रात्रीची नाही. भर दुपारची.

एका प्रोग्रेसिव्ह रॉक फ्यूजन अल्बमचं काम चालू होतं. गिटार पियुषची, अल्बमही त्याचाच. ड्रम, बास, व्हायोलिन, सगळे एकापेक्षा एक वाजवणारे. तबला माझ्या धाकट्या भावाचा, अवधूतचा. ताल अकरा मात्रांचा. वरच्या मजल्यावरच्या हेमाकाकू त्याला ‘मांडव पडल्याचा आवाज’ म्हणायच्या.

जिन्यातली पाटीही त्यांचीच. ‘दुपारी १ ते ४ आवाज करू नये. केल्यास वीज बंद करण्यात येईल. नंतर विचारायला येऊ नये.’

ऑगस्टमध्ये अवधूत शेवटची तिहाई वाजवत होता. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा ‘धा’ बरोबर समेवर आणायचा. त्याचे दोन बोल झाले आणि माझं लक्ष घड्याळाकडे गेलं.

काचेपलीकडे बसलेल्या त्याला मी माईकवरून सांगितलं, "बास. एक वाजला. उरलेलं चारनंतर."

"दादा, समेवर तरी येऊ दे की."

मी रेकॉर्डिंग बंद केलं.

तो जेवायला म्हणून स्कूटरवरून घरी निघाला. थोड्याच वेळात फोन आला. टँकरने उडवलं होतं. जागच्या जागी गेला.

मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, रडून घे, मोकळा हो. पण आतून काही येतच नव्हतं. ओंकारेश्वरावर दहाव्याला कावळा शिवेना. आई म्हणत होती, त्याचं काहीतरी राहिलंय. मी नुसता बघत उभा होतो. काय राहिलं होतं ते मला माहीत होतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला.

तर तो मंगळवार.

पियुषने सकाळीच सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत ती तिहाई पूर्ण झाली नाही, तर दुसरा तबलजी बोलावून सगळं नव्याने वाजवून घ्यायचं. म्हणजे अवधूतचं शेवटचं वाजवणं पुसलं जाणार. मी ठरवलं, पहिलाच बोल उचलून तिसऱ्याच्या जागी चिकटवायचा.

दोन वाजत आले होते. स्पीकर बंद केले. हेडफोन लावले.

पहिला बोल...

दुसरा बोल...

तिसरा नाही.

स्क्रीनवर तो दिसत होता. ऐकू येत नव्हता. तीनदा पुन्हा चिकटवला. तीनदा तेच.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात हेमाकाकू.

"अरे, तबला पूर्ण तरी कर, नाहीतर बंद तरी कर. दोनदा वाजतो आणि थांबतो. जीव टांगणीला लागतो माझा."

मी म्हटलं, काकू, आवाज बाहेर येतच नाहीये. मी हेडफोनवर ऐकतोय.

त्या दारातून आत आल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आजचं नाही म्हणत मी. तीन महिने झाले. रोज एक ते चार. तुझं दुःख आहे, म्हणून बोलले नाही."

आयुष्यात पहिल्यांदा या बाई तीन महिने गप्प बसल्या होत्या.

मी परत आत आलो. काचेपलीकडे तबला तसाच होता, गवसणी घातलेला. मी तिथला माईक चालू केला.

पहिला बोल...

दुसरा बोल...

मग शांतता. कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज.

"दादा... चार वाजले का?"

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी बोलायचं बटण दाबलं. "नाही रे. अजून नाही."

घाबरलो नाही. रडूही आलं नाही. एवढंच कळत होतं की ‘हो’ म्हटलं, तर तो तिसरा बोल वाजवणार. समेवर येणार. मग संपलं.

संध्याकाळी पियुषला फोन केला. दुसरा तबलजी बोलाव म्हटलं.

अल्बम आला. छान झालाय म्हणतात. त्यात माझ्या भावाचा एक ठोकाही नाही.

मी रोज एकला स्टुडिओत बसतो. तो विचारतो, मी नाही म्हणतो. पावणेचारला कुलूप लावून बाहेर पडतो. हेमाकाकू आता जिन्यात भेटल्या की मान खाली घालून जातात.

इतके दिवस तो एकदाच विचारायचा.

काल त्याने दोनदा विचारलं.

आता एक वाजायला वीस मिनिटं आहेत.