झमकीचा हात

जाळात लाकूड सार रे आयुष, अन् तो मोबाईल खिशात घाल. तुरीची गंजी राखायला आलाव आपण, मोबाईल राखायला न्हाई. झोप येऊन राहिली म्हणता ना समदे? बसा मग. आता येते का बघू.

हे मी कुठं ऐकलेलं न्हाई. विश्वंभर माझा सोयरा हाय. त्याच्या पाठीला मी सोताच्या हातानं तेल-हळद लावलीय, म्हणून सांगतो. गाव गोरेगावच्या जवळच हाय, नाव घेत न्हाई. आपल्या पोरी तिथं नांदतात.

दहा-बारा वर्षं झाली. दिवाळी झाली अन् अवकाळी पाऊस आला. विश्वंभरच्या गोठ्याचं मातीचं माळवद गळायला लागलं. आत सोयाबीनची पोती. त्याची बायको साधना म्हणली, गढीवरून पांढरी माती आणून वर थापा, म्हंजी पुन्हा थेंब यायचा न्हाई. बराबर होतं तिचं. त्या मातीतून पाणी उतरत न्हाई. आपल्याकडं गढ्या ढासळल्या अन् लोकांनी त्यांची माळवदं करून टाकली.

पण त्या गावात एक रीत होती. माती न्यायची ती दिवसा, उगवतीच्या अंगानं. अन् भरलेली पहिली पाटी मावळतीच्या कोपऱ्यात ओतायची, दुसरीपासून घरी. काहून? ते कोणालाच ठाऊक न्हवतं. म्हातारे ओतायचे, म्हणून तरणे ओतायचे.

विश्वंभर घाईचा माणूस. दिवसा ट्रॅक्टर नेला तर भावकी आडवी येईल, गढी काय तुझ्या एकट्याची हाय का म्हणंल. म्हणून तो रातच्याला जेवण करून निघाला. शुक्रवार होता. कार्तिक अमावस्येला चार दिवस राहिले होते. उगवतीची माती लोकांनी पार ओरबाडून नेलेली, मावळतीचा कोपरा तेवढा शाबूत. त्यानं ट्रॅक्टरचा लाईट चालू ठेवला अन् फावड्यानं थेट ट्रॉली भरायला घेतली. पाटी संगं न्हवतीच, तर पहिली पाटी ध्यानात कशी राहावी?

अर्धी ट्रॉली झाली अन् फावड्याला काहीतरी लागलं. त्यानं वाकून उचललं. हाडाची बांगडी होती, लमाणांच्या तांड्यातल्या बाया पूर्वी घालायच्या तसली. पण लहान, लेकराच्या मापाची. प्रतिक्षाला होईल म्हणून त्यानं ती खिशात टाकली.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"चुकलं."

लहान पोरीचा आवाज. रागाचा न्हाई, रडका न्हाई. मास्तर पाटी तपासताना म्हणतो ना, तसा. विश्वंभर गर्रकन फिरला. कोणीच न्हवतं. कोणाचं तरी पोरगं चेष्टा करून राहिलं असं समजून त्यानं दोन शिव्या हासडल्या, ट्रॉली भरली अन् घरी आला.

घरात दिवा चालू. प्रतिक्षा अंथरुणात बसलेली अन् साधना तिच्या तळव्यावर फुंकर घालून राहिलेली. नऊ वर्षांची पोर, एकुलती एक, बापाच्या काळजाचा तुकडा. झोपेतून किंकाळी फोडून उठली म्हणे. उजव्या तळव्यावर आडवा लाल वळ. इंगळीबिंगळी चावली असंल म्हणून विश्वंभरनं अंथरूण झटकलं. लेकराला गप करायला खिशातली बांगडी दिली. तिच्या हातात ती बराबर गेली.

शनिवारी त्यानं माळवद थापलं. थोरल्या भावानं विचारलं, माती कुठली? हा तोंड वर करून म्हणला, सेनगावच्या अंगानं आणली. घरात प्रतिक्षा भाकर खात होती.

सप्.

आवाज साधनानंही ऐकला. पोरीच्या हातातला घास खाली पडला. पहिल्या वळावरच दुसरा वळ होता, अन् कातडं फुटलं होतं.

आता बापाच्या डोक्यात काय यावं? मास्तर मारून राहिला, अन् मायलेकी आपल्यापासून लपवून राहिल्यात. रविवारी तो साधनावर ओरडला. ती न्हाई म्हणली, तर तिच्या कानशिलात दिली. आतल्या खोलीत पोर कळवळली. भेली असंल असं दोघांला वाटलं. न्हाऊ घालताना साधनाला तिच्या पाठीवर वळ दिसला. अन् एक गोष्ट तिला आदल्या राती दिसली होती. पोर उताणी झोपली होती अन् उजवा हात गोधडीबाहेर होता. सरळ पुढं केलेला. तळवा वर.

सोमवारी विश्वंभर शाळेत गेला. भर वर्गात गुरुजीची गचांडी धरली अन् विचारायच्या आधी तोंडावर बुक्की घातली. गुरुजीचा व्हट फुटला. त्यानं दुसरी उगारली. गुरुजी गरीब माणूस. त्यानं हात उचलला न्हाई. इतकंच म्हणला, "विश्वंभरराव, मला मारा. पण आधी मागं बघा."

त्यानं मागं बघितलं.

सप्. सप्. सप्.

प्रतिक्षा बाकाजवळ उभी. आजूबाजूला कोणी न्हाई. तिचा पांढरा शर्ट पाठीवर फाटत गेला अन् रक्तानं भरला. चाळीस लेकरं बघून राहिली होती. पोर रडलीसुद्धा न्हाई. तिनं नुसता उजवा हात पुढं केला.

तिथं विश्वंभरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण चुकतो, अन् मार लेकराला बसतो. माणूस मटकन खाली बसला अन् सोताचं तोंड बडवून घ्यायला लागला. गुरुजीनं त्याचे हात धरले.

बांगडी काढायला बघितली. साबण लावला, तेल लावलं. न्हाई निघाली. पकडीनं फोडायला गेला, तर पोर असं किंचाळली की त्यानं पकड फेकून दिली.

साधनाच्या शेतात कापूस वेचायला मोतीबाई यायची, तांड्यावरची म्हातारी. त्याच दिवशी साधनानं पोरीला शेतात नेलं, तशी तिनं पोरीचा हात बघितला अन् बांधावर बसकण मारली. मग म्हणली, "ही झमकीची हाय. माझ्या आजीच्या बहिणीची." अन् जे गावाला ठाऊक न्हवतं ते तिनं सांगितलं.

निजामाचं राज होतं तवाची गोष्ट. गढीवाल्या देशमुखाची पोर आठ वर्षांची असताना दूरच्या कुठल्याशा संस्थानात द्यायची ठरली. राणी व्हायची होती ती. ताईसाहेब म्हणायचे तिला. लग्नाआधी तिला घडवायला सासरची एक म्हातारी आली, हातात वेताची छडी. डोक्यावर भरला तांब्या ठेवून पायऱ्या चढायच्या, खाली बघायचं न्हाई. दात दिसतील असं हसायचं न्हाई. भूक लागली म्हणायचं न्हाई. घोड्यावर बसायचं, मोडी लिहायची. पण उद्याच्या राणीच्या अंगाला छडी कशी लावायची? म्हणून तांड्यावरून तिच्याच वयाची पोर आणली. झमकी. ताईसाहेब चुकली की म्हातारी म्हणायची, चुकलं. अन् झमकी हात पुढं करायची.

आधी आधी ताईसाहेब रडायची. चोरून हळद आणून झमकीच्या हाताला लावायची. दोघी एका ताटात जेवायच्या. म्हातारीनं ते बघितलं. राणीनं रडणं हीसुद्धा चूक, म्हणून झमकीला दुप्पट. मग ताईसाहेबानं रडणं सोडलं. मग हळद सोडली. मग म्हातारीच्या आधी तीच म्हणायला लागली, चुकलं. दिवसाचा राहिलेला मार म्हातारी राती येऊन द्यायची, म्हणून झमकी झोपताना हात बाहेरच ठेवायची. दर वेळी उठायला नको.

कार्तिक अमावस्येला सासरचे लोक पोर बघायला आले. म्हातारीनं छडी ताईसाहेबाच्या हातात दिली. ताईसाहेब तांब्या घेऊन पायऱ्या चढली, अन् वरच्या पायरीवर तांब्या पडला. पडला का पाडला, देवाला ठाऊक. ती खाली आली. झमकीनं हात पुढं केला. ताईसाहेबानं मारायला सुरुवात केली. हातावर, तोंडावर, डोक्यावर. झमकी पडली तरी थांबली न्हाई. झमकी हालायची थांबली, तरीही न्हाई. पापणी हालली न्हाई ताईसाहेबाची. पाव्हणे म्हणले, झाली राणी तयार.

"मावळतीच्या कोपऱ्यात पुरलं," मोतीबाई म्हणली. "पहिली पाटी तिच्या अंगावर पडायची. पोर उघडी पडू नाय म्हणून. तुमी रीत ठेवली, नाव टाकलं. माती नेऊन टाक, बाबा. बांगडी देऊन टाक. अन् काई इचारलं, तर खरं बोल."

दुसऱ्या दिवशी अमावस्या. मंगळवार. विश्वंभरनं दिवसभर माळवद खरवडून ट्रॉली भरली. दिवस बुडायच्या आत न्यायचं म्हणून निघाला, तर ट्रॅक्टर चालूच होईना. चालू झाला तो अंधार पडल्यावर. बांगडी हातातून निघत न्हवती, म्हणून लेकराला न्यावं लागलं. साधना तिला मांडीवर घेऊन ट्रॅक्टरवर बसली.

कोपऱ्यात खड्डा तसाच उघडा. त्यानं माती लोटली. फावडं, फावडं, फावडं. घामानं भिजला. ट्रॉली रिकामी झाली. काही झालं न्हाई.

मग रातकिडे थांबले. एकदम.

"चुकलं."

जवळून. अगदी जवळून.

"व्हय," विश्वंभर म्हणला. "माझं चुकलं."

...

"तुझी झमकी पुढं कर."

साधनाच्या मांडीवर पोर झोपलेली. डोळे मिटलेले. तिचा उजवा हात आपोआप वर आला. पुढं झाला. तळवा वर.

विश्वंभरनं फावडं टाकलं. लेकराच्या पुढं जाऊन उभा राहिला.

"मला झमकी न्हाई. मी चुकलो. मला मार."

...

काहीच न्हाई. लई वेळ. असं त्या ताईसाहेबाला कधी कोणी म्हणलंच न्हवतं.

सप्.

पहिला गालावर. गाल फाटला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला तो गुडघ्यावर आला. कोणी दिसत न्हवतं. साधनाला नुसता आवाज यायचा, अन् नवऱ्याच्या अंगावरचं कातडं उघडताना दिसायचं. मनगट मोडलं, त्याचा आवाज तिनं ऐकला. ती धावली तर तो ओरडला, लेकरू सोडू नको. त्यानं हात आडवा केला न्हाई. एक जरी चुकवला, तर तो कोणाला बसंल? पाठ फुटली. डोकं फुटलं. तोंड मातीत गेलं. तरी सप्. सप्. सप्...

शुक्राची चांदणी वर आली तवा थांबलं.

प्रतिक्षाच्या हातातून बांगडी गळून पडली. साधनानं ती खड्ड्याच्या जागी खोल दाबली, दोन्ही हातांनी वर माती ओढली. पहिली पाटी तिनं ओंजळीनं घातली.

विश्वंभर तीन महिने पालथा होता. आजही त्याच्या पाठीवर हात फिरवला तर नांगरट लागते. पण लेकराला पुन्हा वळ उठला न्हाई. अन् तो माणूस पार बदलला. खोटं बोलत न्हाई, कोणावर हात टाकत न्हाई. लोक त्याला भोळसट म्हणतात. म्हणू द्या.

मागल्या वर्षी प्रतिक्षाचं लगीन झालं. वारंगा फाट्याला दिली. जावई दिसायला बरा, धंदा चांगला. मागल्या महिन्यात मी विश्वंभरच्या ओसरीवर बसलो होतो. जेवणं झाली होती. जावयाचा फोन आला. विश्वंभरनं मोठ्यानं लावला, म्हणून मीही ऐकला. जावई घाबरा झालेला.

"मामा, हिच्या हातावर वळ उठलाय, रक्त येऊन राहिलं. अन् हातात पांढरी बांगडी हाय. लहान्या लेकराची. मनगटात रुतलीय. कुठून गेली हातात? निघत न्हाई, मामा..."

विश्वंभरनं आवाज खाली ठेवला.

"जावईबापू, आज तुमच्या हातून काय झालं?"

...

फोन चालू होता. "काही न्हाई, मामा," तो म्हणला, अन् फोनातून आवाज आला, सप्.